निर्जळी पौर्णिमा

आमच्या घरात उन्हाळ्याचे दोन पक्ष होते. एक खिडक्या उघडणाऱ्यांचा आणि एक खिडक्या लावणाऱ्यांचा. लावणाऱ्यांत मी एकटी. उघडणाऱ्यांत सासूबाई, सासरे आणि रविवारी घरी असला की नवरा. तीन विरुद्ध एक असूनही मीच जिंकायचे, कारण एक तर माझा आवाज मोठा आहे आणि दुसरं म्हणजे दिल्ली माझी आहे असं मी ठरवून टाकलेलं होतं.

मी जन्मले तीच दिल्लीत. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला सरकारी क्वार्टर, जाड भिंतींचं आणि मागे अंगण असलेलं. उन्हाळ्याचे नियम आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. सकाळी आठ वाजता खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दारावर वाळ्याचा पडदा आणि त्यावर तासातासाने पाणी. दुपारी बाहेर पडायची वेळ आलीच तर पोटभर पाणी पिऊन, कान बांधून, खिशात कांदा घेऊन. संध्याकाळी ऊन उतरलं की सगळं सताड उघडायचं, अंगणात पाणी मारायचं आणि खाटा बाहेर काढायच्या. दिल्लीतला शहाणा माणूस मे महिन्यात दिवसभर अंधारात बसतो. बाहेरून आलेल्याला ते घर कोणीतरी गेल्यासारखं वाटतं.

नवरा ठाण्याचा, खाडीकाठचा. मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आला, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत आमचं जमलं. नव्या नोकऱ्या निघत होत्या, नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि आम्हीही इतरांसारखंच द्वारकेत घर घेतलं. चौथा मजला, शेवटचा, लिफ्ट नाही. वर फक्त गच्ची आणि तिच्या वर सूर्य. भिंती इतक्या पातळ की दुपारी पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसायचा. सोसायटीतली झाडं गुडघ्याएवढी होती. त्यांच्याभोवती विटांचे कठडे बांधले होते, आणि कठड्याचीच सावली झाडापेक्षा जास्त पडायची.

सासरे निवृत्त झाले आणि पुढच्या मार्चमध्ये दोघं आमच्याकडे आले. पहिल्या आठवड्यातच मी सासूबाईंना नियम सांगितले.

"आई, आठनंतर बिल्कुल खिडकी उघडायची नाही."

"बिल्कुल म्हणे!" त्या सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का? बिल्कुल वारा घ्यायचा नाही. कोंडून मारायचं ठरवलंय आपल्याला."

मी ऑफिसला गेले की त्या उघडायच्या. संध्याकाळी मी आले की घर भट्टीसारखं तापलेलं, टेबलावर, भांड्यांवर, अगदी देवांवरही पिवळट धुळीचा थर, आणि त्या खिडकीशी बसून निवांत तांदूळ निवडत असायच्या. "छान वारा आहे गं," म्हणायच्या. तो वारा नव्हता, ती भाजून काढणारी लू होती. पण ज्या बाईने सगळा जन्म खाडीवरच्या वाऱ्याला खिडकी उघडून दिली, तिला वारा हा शत्रू असू शकतो हे पटवायचं कसं?

त्यांचं उन्हाळ्याचं माप एकच होतं, घाम. पदर पिळावा इतका घाम येतो, पाठीला पोलकं चिकटतं, दिवसातून तीनदा तोंड धुवावं लागतं, तो उन्हाळा. इथे पेपरात त्रेचाळीस-चव्वेचाळीसचे आकडे छापून यायचे आणि त्या कपाळावरून हात फिरवून मला दाखवायच्या. "बघ. कोरडं ठणठणीत. कुठाय तुझा उकाडा? उगाच बाऊ करता तुम्ही दिल्लीवाले."

मी सांगायचे, घाम येतो पण दिसायच्या आत वाळतो. त्यांच्या काळ्या पोलक्यावर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा दाखवायचे. "ते तुमच्या इथल्या पाण्याचं," म्हणायच्या. "कपडे धुतले तरी खारवतात." तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायच्या नाहीत, आणि डोकं दुखलं की कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या. सुंठ! मेमध्ये!

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की त्यांचं शरीर खोटं बोलत नव्हतं. ते फक्त दुसऱ्या गावाची भाषा बोलत होतं. उन्हाळ्यासाठी त्यांच्याकडे उकाडा, तलखी, काहिली, उबारा असे कितीतरी शब्द होते. त्यातले निम्मे मला कळायचे नाहीत. पहिल्यांदा त्यांनी "जिवाची तलखी होतेय" म्हटलं तेव्हा मी भाजीचा प्रकार असल्यासारखं "म्हणजे?" विचारलं होतं आणि सासरे खो-खो हसले होते. माझ्याकडे लू होती, तपिश होती, उमस होती. एकाच घरात आम्ही दोन वेगवेगळे उन्हाळे सोसत होतो आणि दोघींनाही आपलाच खरा वाटत होता. हे शहाणपण आताचं. तेव्हा मला फक्त राग यायचा.

कूलरवरूनही भांडण. द्वारकेत तेव्हा पाण्याचे हाल होते. नळाला दिवसातून अर्धा तास पाणी, तेही चौथ्या मजल्यापर्यंत चढेल तर शपथ. टँकर यायचा, तेव्हा सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली. आणि वर आणलेल्या त्या पाण्यातल्या चार बादल्या रोज कूलर पिऊन टाकायचा. "माणसाला अंघोळीला पाणी नाही आणि यंत्राला पाजतेस," असं म्हणून त्या कूलरच्या बादलीतलं पाणी परत पिंपात ओतायच्या. मग आम्ही त्यांच्या खोलीत एसी बसवला. घरातला पहिला एसी. नवऱ्याला केवढा अभिमान! दोन दिवसांत सासूबाईंचे गुडघे धरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एसी बंद करून खिडकी उघडली.

सासरे या सगळ्याची मजा घ्यायचे. मंडळाची सहल जानेवारीत पानिपतला काला अंबच्या स्मारकावर गेली होती, तिथून ते एक नवीन वाक्य घेऊन आले होते. "मराठ्यांना इथे थंडीने आणि भुकेने गाठलं म्हणतात. उन्हाळा तेवढा राहिला होता, तो आमच्या वाट्याला आला." पुढे दर मेमध्ये दर पाहुण्याला हे ऐकावं लागायचं.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बायपास झाली. बरे झाले, पण जिने चढायला-उतरायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि ते चौथ्या मजल्यावर अडकले. सासूबाई त्या दिवसांत रडल्या नाहीत. फक्त बोलणं कमी झालं. मे संपता संपता एक दिवस कणीक मळताना म्हणाल्या, "या वर्षी वटपौर्णिमा निर्जळी करणार मी."

"ठाण्यात करायचात का निर्जळी?"

"नाही. फळं खायचे. पण या वर्षीची गोष्ट वेगळी आहे."

मला उपासतापास मान्य नव्हते. मी लग्नानंतर एकदाही वडाला गेले नव्हते आणि त्यांनीही कधी आग्रह केला नव्हता. पण ज्या बाईच्या नवऱ्याची छाती चार महिन्यांपूर्वी उघडून शिवली आहे, तिला तर्क कोणत्या तोंडाने ऐकवायचा?

तर्क एकच होता, आणि तो मी ऐकवायला हवा होता. ठाण्याला वटपौर्णिमा येते तेव्हा आभाळ भरलेलं असतं, हवा उतरलेली असते. बाई दिवसभर पाण्याविना राहिली तरी निभावून जातं. दिल्लीत तो जूनचा ऐन मधला काळ, वर्षातला सगळ्यात क्रूर. इथल्या बायका वडाची पूजा करतात ती पंधरा दिवस आधी, अमावास्येला, आणि तीही सूर्य वर येण्याआधी उरकून घरी परततात. आपण मात्र तिकडचं पंचांग इकडे आणून लावतो आणि पंचांगासोबत तिकडची हवा आली नाही हे विसरतो.

द्वारकेत वड नव्हता. सेक्टरांच्या मधोमध एक जुनं गाव तसंच राहून गेलं होतं, त्या गावच्या आटलेल्या तळ्याकाठी एक मोठा वड होता, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. आदल्या वर्षी मंडळातल्या बायकांसोबत सासूबाई गाडीतून सकाळी सहालाच जाऊन आल्या होत्या. या वर्षी सोबत कोणीच नव्हतं. शाळांना सुट्ट्या. जूनमध्ये दिल्लीतला मराठी माणूस दिल्लीत सापडत नाही. मी म्हटलं, सहाला मी नेऊन आणते, मग ऑफिसला जाते.

पण त्या दिवशी टँकर आला नाही. पिंपात तळाला दोन तांबे पाणी उरलेलं. अंघोळ केल्याशिवाय पूजेला कसं जायचं? सहाचे सात झाले, सातचे आठ. नवरा कंपनीच्या बसने केव्हाच मानेसरला गेला होता. साडेआठला माझी ऑफिसची गाडी यायची. मी गुडगावला एका परदेशी कंपनीची कागदपत्रं तपासायचं काम करत होते, आणि त्या दिवशी नेमके परदेशातून साहेब लोक यायचे होते.

"आई, अंगावर पाणी शिंपडा आणि चला ना."

"अंघोळीशिवाय? वेड लागलंय का?"

"मग घरीच करा. माळ्याला सांगते, फांदी आणून देईल. कितीतरी बायका फांदीचीच पूजा करतात."

"तोडलेल्या फांदीला सात फेरे घालून आयुष्य मागू? यांचं?"

त्या हे मोठ्याने बोलल्या नाहीत. सासरे बाजूच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पण माझा पारा चढलेलाच होता. रात्रभर वीज नव्हती, टँकर नव्हता, खालून गाडीचा हॉर्न वाजत होता. मी चपला घालता घालता म्हटलं, "तर मग जा. टँकर येईल तेव्हा अंघोळ करा आणि भर उन्हात एकट्या जा. तुम्हाला कुठे उन्हाळा बाधतो? तुम्हाला तर घामसुद्धा येत नाही."

आणि दार ओढून घेतलं.

हेच वाक्य, याच शब्दांत. सासऱ्यांनी पेपरातून मान वर केली होती, तेवढं मला दार लागताना दिसलं.

आमच्या ऑफिसात उन्हाळा नव्हता. काचेची इमारत, आत इतका गारवा की प्रत्येकीच्या खणात शाल असायची. मी शाल पांघरून साहेब लोकांसमोर बसले, हसले, इंग्रजी बोलले. दीड वाजता टेबलावरचा फोन वाजला. सासरे ऑफिसात कधी फोन करत नसत.

"ती अजून आली नाही गं," म्हणाले.

"कधी गेल्या?"

"अकराला. टँकर साडेदहाला आला. मी नको म्हणालो. हिरवी रेशमी साडी नेसून गेली. बाराच्या आत येते म्हणाली." मग म्हणाले, "मी खाली उतरून बघू का?"

"बाबा, तुम्ही जागचे हलायचं नाही. मी निघाले."

गाडी मिळाली. पण बिजवासनचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, आणि दिल्लीत मालगाडी कधी येणार हे मालगाडीलाच माहीत. आमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक. मी काच खाली केली आणि तोंडावर अशी झळ आली की डोळे मिटले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, शीशा बंद कर लीजिए." मी केली नाही. रस्त्यावर डांबर मऊ होऊन चाकांना चिकटत होतं. कुत्री ट्रकांच्या खाली जाऊन आडवी झाली होती. सगळ्या जगात त्या वेळी आपल्या पायांवर चालणारं एकही माणूस दिसत नव्हतं, आणि माझी साठीला आलेली सासू पाण्याचा थेंब न घेता रेशमी साडीत कुठेतरी होती. मी पाठवली म्हणून. मला घाम फुटला आणि तो खरंच दिसला नाही, जागच्या जागी वाळून गेला.

वडाच्या बुंध्याला अमावास्येचे दोरे होते, धुळीने मळलेले, उन्हाने विटलेले. त्यांच्यावर एकच नवीन पांढरं सूत. मी बोट लावून फेरे मोजले. सात. म्हणजे पूजा पुरी झाली होती. खाली हळदीकुंकू, एक आंबा, आणि त्यांचं तबक. त्या नव्हत्या. मी "आई" म्हणून ओरडले. ठाण्याची माणसं हाक मारतात तशी मोठ्याने, लाज न बाळगता.

समोरच्या घराच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. ओढणी डोक्यावरून पुढे घेतलेली. "तेरी सास सै के?" तिने विचारलं. "भीतर आजा. पाणी ना पीवै, दाँत भींच राक्खे सैं उसने." दात आवळलेत, पाणी घेत नाही, असं म्हणत होती.

आत बाहेरच्या दुपारचा मागमूस नव्हता. हातभर रुंद भिंती, एकच खिडकी आणि तीही बंद. खाटेवर सासूबाई. म्हातारीने आणि तिच्या सुनेने त्यांची साडी सैल करून अंगावर ओली चादर टाकली होती, भाजलेल्या कैरीचा गर तळपायांना चोळला होता, आणि सून हाताने पंखा हलवत होती. सासूबाई वडाला टेकून एकट्याच काहीतरी बडबडत होत्या म्हणे, उठवलं तर पाय धरेनात. मी कपाळाला हात लावला. तवा. आणि त्या तव्यावर घामाचा एक थेंब नाही. चेहरा लाल, ओठ पांढरे, डोळे उघडे पण माझ्यावर स्थिर होईनात. गावातल्या कोणाचा तरी टेम्पो बोलावला होता, तो येतच होता.

"आई, पाणी घ्या."

त्यांनी तोंड फिरवलं. "उद्या... सकाळी."

मी विनवलं. मी ओरडले. डॉक्टर, बाबा, मुलगा, सगळ्यांची नावं घेतली. म्हातारी मला समजावत होती की आमची बडमावस, म्हणजे वडाची अमावास्या, तर केव्हाच झाली, हिला आज कसला उपास. तिला काय सांगणार? पेला ओठांना लावला की सासूबाईंचे दात आणखी घट्ट. इतकी ताकद त्या अंगात कुठून होती कोण जाणे.

मग मला आठवलं की आमच्याकडे व्रत देता येतं. सासू थकली की सुनेला देते, आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं कोणी काढतं. माझ्या आईला तिच्या सासूने हरतालिका अशीच दिलेली मी पाहिली होती. मी खाटेजवळ जमिनीवर बसले आणि ओंजळ पुढे केली.

"आई, हे व्रत मला द्या. आजचं. राहिलेलं मी करते."

डोळे माझ्यावर आले. बराच वेळ लागला त्यांना. "तू?"

"मी."

"निर्जळी?"

"निर्जळी. उद्या सकाळपर्यंत."

मी खोटं बोलत होते. दाताची मिठी सुटावी एवढंच मला हवं होतं, आणि त्या पाणी प्यायल्या की मागच्या नळावर जाऊन मीही पिणार होते. त्यांनी चाचपडत माझ्या तळहातावर हात ठेवला. मग म्हातारीने पेला लावला, आणि त्या प्यायल्या. घोट घोट करून, मीठ-साखरेचा अख्खा तांब्या. म्हातारीने दुसरा पेला भरून माझ्यापुढे धरला. घशाला कोरड होती, हात पुढे झालासुद्धा होता. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मी पेला परत केला.

जवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये सलाइन लावलं, काखेत बर्फ ठेवला. डॉक्टर म्हणाले की त्या बायकांनी ओली चादर टाकली नसती तर तुम्ही इथे आला नसता. इतकंच म्हणाले आणि दुसऱ्या खाटेकडे गेले. त्या दिवशी प्रत्येक खाटेवर उन्हाचाच माणूस होता. बांधकामावरचे मजूर, एक रिक्षावाला, एक पहारेकरी. त्यांच्यातला एकही हौसेने उन्हात गेलेला नव्हता.

मी स्टुलावर बसले. तीन वाजले, चार वाजले. नर्सने दोनदा पाणी आणून दिलं, दोनदा मी बाजूला ठेवलं. सासूबाई झोपेत होत्या, बघणारं कोणी नव्हतं, आणि माझा या कशावर विश्वास नव्हता. पण ताप उतरत होता, एकेक अंशाने, आणि मी पाणी प्यायले आणि तो उतरायचा थांबला तर? विश्वास नसला तरी भीती असते. कूलर गरम हवा फेकत होता. जीभ टाळूला लागून राहायला लागली. पाचच्या सुमाराला डोकं ठणकायला लागलं, कान वाजायला लागले, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली अक्षरं हलायला लागली. जन्मभर मी या शहराच्या उन्हाळ्याची जाणकार म्हणून मिरवत होते. माझ्या वाट्याला तो कधी आलाच नव्हता. माझ्या वाट्याला जाड भिंती आल्या, वाळ्याचे पडदे आले, काचेची इमारत आणि शाल आली. उन्हाळा हा मला नेहमी दारापलीकडे असलेला माहीत होता, आणि सकाळी मी त्यांना त्या दारापलीकडे ढकललं होतं. मला रडायला आलं. डोळ्यांना पाणी मात्र आलं नाही.

सातला नवरा आला. मानेसरहून घरी जाऊन सासऱ्यांना घेऊन आला होता. ते चार मजले उतरून आले होते, हळूहळू, प्रत्येक मजल्यावर बसत. सासूबाई जाग्या होत्या, डोळे ओळखीचे झाले होते. नवऱ्याने आईच्या कपाळाला हात लावला, डॉक्टरांशी बोलला, आणि मग भीती उतरल्यावर माणसाला येतो तसा त्याला राग आला.

"भर दुपारी आईला एकटीला जाऊच कोणी दिलं?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. "तू काय सांगून गेली होतीस?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. म्हणजे आता मला वाटतं की सांगणार होते.

"तिला कशाला बोलतोस?" सासूबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "ती जाताना बजावून गेली होती, आई, आज जाऊ नका, फांदीची पूजा करा. मीच हट्टी. ऐकलं नाही."

खुर्चीत सासरे बसले होते. सकाळी त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, माझा शब्द न् शब्द. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले, जणू तिच्यातले थेंब मोजायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं.

व्रताच्या दिवशी त्या खोटं बोलत नसत. एरवीसुद्धा फारसं नाही. सासरे पुढे आणखी नऊ वर्षं जगले, त्यांनी हा विषय कधी काढला नाही, सासूबाईंनीही नाही. आज दोघंही नाहीत. नवऱ्याला खरं काय ते हे वाचूनच कळेल.

"आणि तिला पाणी द्या आधी कोणीतरी," सासूबाई म्हणाल्या. "ओठ बघा तिचे."

"आई, पण व्रत—"

"दिलं ते मीच ना? मग परत घेतलं. वडाला काय सांगायचं ते मी सांगेन. पी."

नवऱ्याला काही कळलं नाही. त्याने जगमधलं पाणी ओतून ग्लास माझ्या हातात दिला. त्याला सगळं सांगायला तीच वेळ होती, सासू-सासरे दोघंही समोर होते. मी ग्लास एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितलं.